दार नसलेली पेटी

एका नगरात एक सुतारीण राहायची. पेट्या करणं हा तिचा धंदा आणि चिडणं हा तिचा स्वभाव. नवरा वारल्यावर तिने त्याची करवत आणि रंधा उचलला, आणि पाच-सहा वर्षांत अशा पेट्या करायला लागली की तिची पेटी नाही असं घर नगरात उरलं नाही.

मिठाच्या पेटीला ती लोखंडाचा एकही खिळा मारायची नाही, सगळ्या लाकडी मेखा, कारण मीठ लोखंड खाऊन टाकतं. बियाण्याची पेटी कडुनिंबाची, म्हणजे कीड लागत नाही. वैद्याच्या पेटीत औषधांसाठी बारीक बारीक खण, कासाराच्या पेटीत बांगड्या ओवायला आडव्या काठ्या. नदीपलीकडे राहणाऱ्या गवळणीला तिने दुहेरी भिंतींची पेटी करून दिली होती. मधल्या जागेत भुसा भरायचा आणि कडाक्याच्या थंडीत आत विरजणाचं मडकं ठेवायचं, की सकाळी दही लागलेलं असायचं.

कोणी पेटी नीट वापरली नाही की सुतारीण पेटून उठायची. शिंप्याने एकदा बियाण्याच्या पेटीत जुनी ठिगळं कोंबली, तर तिने भर बाजारात त्याचे वाभाडे काढले. वैद्याने औषधाच्या पेटीवर बसून पान खाल्लं, तर ती पेटी त्याच्या बुडाखालून ओढून घरी घेऊन आली आणि आठ दिवस दिली नाही.

तिची एक रीत होती. पेटी गिऱ्हाइकाला द्यायची ती उघडीच द्यायची. गिऱ्हाइकाने आत हात घालून तळ चाचपायचा, कोपरे बघायचे, आणि मग स्वतःच्या हाताने झाकण लावून पेटी न्यायची. "बंद पेटी मी कोणाला देत नाही," ती म्हणायची, "आत काय आहे आणि काय नाही, ते घेणाऱ्याला दिसलं पाहिजे." म्हणून लोक तिचं तोंड सहन करायचे. पेटी सुतारणीची आहे म्हटलं की पुढे कोणी काही विचारायचं नाही.

पण तिच्या रागात एक खोट होती, आणि ती आत्ताच सांगितलेली बरी. तिचा राग शिंप्यापर्यंत पोचायचा, वैद्यापर्यंत पोचायचा, कारभाऱ्याच्या ओट्यापर्यंत मात्र कधी पोचला नाही. कारभारी म्हणजे राजाने नगरावर नेमलेला माणूस. राजाच्या रानातलं सागवान कोणाला द्यायचं ते तो ठरवायचा. त्याच्यासमोर उभं राहिलं की या कजाग बाईचा आवाज अर्ध्यावर यायचा.

आता नदीचं सांगायला हवं. नगराला लागून बारमाही नदी होती, खोल आणि ओढीची. तिच्यावर एक लाकडी साकव होता, बाकी पलीकडे जायला दुसरी वाट नव्हती. राजधानीचा रस्ता त्याच साकवावरून जायचा. साकवाच्या फळ्या दर वर्षी कुजायच्या. मग नगरातले लोक कारभाऱ्याच्या ओट्यासमोर जमायचे आणि तो बाहेर येईपर्यंत आरडाओरडा करायचे. शेवटी कंटाळून तो रानातलं लाकूड सोडायचा, आणि लोक आपल्या हाताने साकव दुरुस्त करायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

कारभाऱ्याला या आरडाओरड्याचा वीट आला. दुपारची झोप होईना. त्याने डोकं चालवलं आणि सुतारणीला बोलावलं.

"चौकात ठेवायला एक पेटी कर," तो म्हणाला, "कमरेइतकी उंच, दोन हात लांब, अस्सल सागवानाची. तक्रारपेटी. वर टाकायला एक फट ठेव."

सुतारणीने मापं मनात धरली. "कारभारी, दार कोणत्या बाजूला ठेवू?"

"दार नको."

"मग उघडायची कुठून?"

कारभारी हसला. "उघडायची आहे कोणाला?"

सुतारणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिंप्याने असं काही म्हटलं असतं तर तिने त्याला बाजारभर पळवलं असतं. पण समोर कारभारी होता, आणि तो नखं बघत सहज म्हणाला, "तुला सागवान लागतं ना वर्षभर? या वर्षी रानात तोड कमी आहे म्हणतात." सुतारणीने ओठ घट्ट मिटले, मान हलवली आणि घरी आली. तो सगळा राग तिने त्या संध्याकाळी शेजारच्या कोंबड्यांवर काढला.

आठ दिवसांत पेटी तयार झाली. चारी बाजूंनी बंद, वर बोटभर रुंद फट. सुतारणीच्या हातून नगराला मिळालेली ही पहिली बंद पेटी.

दवंडी पिटली गेली. ज्याची जी तक्रार असेल ती पेटीत टाकावी, ओट्यासमोर गर्दी करू नये. त्या नगरात लिहिता-वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून दवंडीवाल्याने पुढे सांगितलं की लिहिता येत नसेल त्याने तक्रारीची वस्तू टाकावी. पाणी गढूळ असेल तर गढूळ पाण्यात भिजवलेली चिंधी टाका, जोंधळा किडका मिळाला असेल तर किडके दाणे टाका.

लोकांना हे फार आवडलं. का आवडणार नाही? पेटी सुतारणीची. तिच्या पेटीला कधी दगा नसतो. कोणी चिंध्या टाकल्या, कोणी दाणे टाकले, एका म्हातारीने रस्त्यातल्या खड्ड्यात तुटलेल्या वहाणेचा अंगठा टाकला. टाकलं की हात झटकायचे, 'चला, कळवलं एकदाचं' म्हणायचं आणि घरी जाऊन जेवायचं. ओट्यासमोर कोणी जमेना. कारभारी दुपारी मनसोक्त झोपू लागला आणि राजाला कळवू लागला की आपल्या नगरात कोणाची काही तक्रार नाही.

मला या लोकांचा राग येतो तो इथे. राग येणं हे त्यांचं कामाचं हत्यार होतं. त्याच रागाने दर वर्षी साकव उभा राहत होता. ते हत्यार त्यांनी स्वतःच्या हाताने एका फटीतून आत सोडून दिलं, आणि वर हलकं वाटलं म्हणून खूशही झाले.

सर्वांत जास्त तक्रारी होत्या साकवाच्या. फळ्या पार कुजल्या होत्या. साकवाची वस्तू काय टाकायची? लोकांनी तोड काढली. साकवावरून येताना कुजक्या फळीची एक ढलपी मोडून घ्यायची आणि पेटीत टाकायची. बाजाराच्या दिवशी तर पंधरा-वीस जण ढलप्या आणायचे. दर ढलपीगणिक साकव तेवढा कमी होत होता, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सुतारणीच्या डोक्यात आलं होतं. ती पेटीजवळून जायची तेव्हा तिचे कान आपोआप टवकारायचे. सुरुवातीला फटीतून काही पडलं की आत लांबवर आवाज यायचा. पुढे तो आवाज जवळ येत गेला, बसका होत गेला. पेटी भरत होती. ती मूग गिळून पुढे जायची आणि घरी येऊन रंध्याला इतकी धार लावायची की पातं झिजून जायचं.

गवळण रोज सकाळी दुधाच्या चरव्या डोक्यावर घेऊन साकवावरून नगरात यायची. एकटी बाई, पलीकडे चार गाई, त्यांच्यावर तिचं पोट. सुतारणीशी तिचं जमायचं, कारण सुतारणीच्या रागाला न भिणारी ती एकटीच होती. एक दिवस दूध ओतता ओतता तिने विचारलं, "अगं, मधली फळी पायाखाली दबते माझ्या. पेटीत ढलप्या टाकून टाकून हात दुखले. पेटी तू केलीस ना? उघडतात ना ती कारभाऱ्याची माणसं?"

सुतारणीच्या घशाशी आलं होतं सगळं. पण ओसरीवर कारभाऱ्याकडून कालच आलेलं सागवान पडलं होतं. तिची नजर त्याच्यावर गेली.

"हो," ती म्हणाली, "उघडत असतील."

"मग येतील फळ्या," गवळण म्हणाली आणि रिकामी चरवी घेऊन गेली.

पाचव्या दिवशी सकाळी मधली फळी मोडली. गवळण चरव्यांसकट खाली गेली. नदी क्षणभर पांढरी झाली. बाई वाहून गेली नाही ते एका खांबात पाय अडकला म्हणून, आणि त्याच खांबाने तिच्या पायाचा चुराडा केला. धोब्यांनी दोर टाकून तिला अलीकडच्या काठावर ओढलं. पाठोपाठ राहिलेल्या फळ्याही गेल्या. नदीत नुसते खांब उभे राहिले.

वैद्याने बांबूच्या पट्ट्या लावून पाय बांधला. जीव वाचला, पाय आता सरळ होणार नाही म्हणाला. सुतारीण वैद्याच्या घरी धावत गेली. गवळण अंथरुणावर पडून नदीच्या दिशेने कान देत होती. पलीकडे गाई हंबरत होत्या. सकाळची धार काढून झाली होती, संध्याकाळची काढायला कोणी नव्हतं, आणि पलीकडे जायला वाट नव्हती.

"त्या कारभाऱ्याला मी सोडणार नाही," सुतारीण दात-ओठ खात म्हणाली, "त्याने मला पेटीला दारच ठेवू दिलं नाही. पहिल्या दिवसापासून ती उघडायची नव्हतीच."

गवळणीने मान वळवली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

सुतारणीने नुसती मान हलवली.

"साकव कारभाऱ्याचा होता," गवळण म्हणाली, "पण 'हो' तुझं होतं. मी कारभाऱ्याला विचारायला गेले नव्हते. तुला विचारलं होतं." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

सुतारीण बाहेर आली. आयुष्यभर ती लोकांवर चिडली होती, पण हा राग निराळा होता. तो आधी तिच्यावरच आला, आणि तिच्यावरून पुढे जाताना या वेळी कुठे अडला नाही. ती घरी गेली, सगळ्यात मोठी करवत घेतली आणि तडक चौकात आली. बाजाराचा दिवस होता, सूर्य डोक्यावर होता. तिने पेटीच्या बाजूला करवत लावली.

करवतीचा आवाज ऐकून लोक गोळा झाले. कारभाऱ्याचे दोन शिपाई धावत आले. "अगं बाई, सरकारी पेटी फोडतेस?"

"फोडत नाही," सुतारीण करवत न थांबवता म्हणाली, "उघडतेय. मी बंद पेटी कोणाला देत नाही. ही एक दिली होती, ती आज नीट देतेय."

बाजूची फळी निघाली आणि सगळं चौकात ओघळलं. चिंध्या, किडून भुगा झालेले दाणे, वहाणेचा अंगठा. आणि ढलप्या, सुपांनी भराव्यात इतक्या. सुतारीण खाली बसली आणि ढलप्या एकाला एक लावू लागली. लाकूड कसं जुळतं ते तिला कळत होतं. बघता बघता जमिनीवर एक अख्खी फळी तयार झाली, मग दुसरी अर्धी.

"हा बघा आपला साकव," ती म्हणाली, "नदीवर शोधू नका. आपणच आणून इथं टाकलाय."

मग शिंपी पुढे आला. "दार नाही हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि आम्ही वर्षभर टाकत होतो ते बघत होतीस?"

"बघत होते. लाकूड मिळणार नाही म्हणून भ्याले. तुम्हाला ठिगळांवरून बोलले आणि त्याला दारावरून बोलले नाही." तिने करवत खांद्यावर टाकली. "माझ्यावर चिडायचं ते चिडा, मी कुठं पळून जात नाही. पण आधी ज्याच्यावर चिडायचं राहिलंय त्याच्याकडे चला. गाई हंबरतायत."

वर्षभराचा राग होता, आणि तो आता कुठल्याही फटीतून आत जाणार नव्हता. लोकांनी चिंध्या उचलल्या, दाणे उचलले, ढलप्या ओच्यांत भरल्या, आणि सगळी मिरवणूक कारभाऱ्याच्या ओट्यावर गेली. ओट्यावर ढीग घातला. दार वाजवलं. कारभारी झोपेतून उठून डोळे चोळत बाहेर आला आणि समोरची गर्दी बघून त्याची पाचावर धारण बसली.

"हे काय चाललंय? तक्रार असेल तर पेटीत टाका."

"पेटीच आणलीय," वहाणेवाली म्हातारी म्हणाली.

कारभाऱ्याने शिपायाच्या कानात सांगितलं की घोड्यावर बस, राजधानी गाठ आणि फौज घेऊन ये. शिपाई टाच मारून गेला आणि पावघटकेत परत आला. "कारभारी," तो खाली मान घालून म्हणाला, "साकव नाही."

तेव्हा लोक हसले. ते हसणं ऐकायला बरं नव्हतं.

इतक्यात मागच्या परसातून कासाराने हाक मारली. तिथे ताडपत्रीखाली सागवानाच्या फळ्यांची थप्पी होती. वर राजाचा शिक्का आणि साकवाच्या खांबांवर मारतात तीच खूण. फळ्या नगरासाठी आल्या होत्या, वर्षापूर्वीच. कारभाऱ्याला त्यातून आपल्या घरावर माडी चढवायची होती. मग मात्र कोणी काही विचारलं नाही. सुतारणीने पहिली फळी उचलून कारभाऱ्याच्या खांद्यावर ठेवली.

"चला," ती म्हणाली. तिचा आवाज अर्ध्यावर आला नाही.

त्या दुपारी नगरात काम करू शकणारं एकही माणूस घरात नव्हतं. धोबी कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले. कासाराने मेखा तासल्या, शिंप्याने दोर वळले, सुतारीण सगळ्यांवर खेकसत फळ्या बसवत होती. कारभारी फळ्या वाहून आणत होता, आणि एखादी फळी पोचायला उशीर झाला की म्हातारी त्याला वहाणेचा अंगठा दाखवायची. तक्रारपेटीचं सागवानही सुतारणीने साकवात घातलं. फट असलेली वरची फळी तिने कठड्याला लावली, जाणाऱ्या-येणाऱ्याचा हात तिच्यावरून फिरेल अशी.

ऊन उतरायच्या आत साकव झाला. पहिलं पाऊल कोणी टाकायचं यावर वाद झाला नाही. सगळ्यांनी कारभाऱ्याकडे बघितलं. तो एकेक फळी चाचपत, घाम पुसत पलीकडे गेला. गेला तो गेला. राजधानीच्या रस्त्याला लागला तो परत नगरात आला नाही, आणि पुढे राजानेही त्याला कुठे नेमलं असं ऐकिवात नाही.

लोक सुतारणीला म्हणाले, "आता नवी तक्रारपेटी कर, दार ठेवून. किल्ली आम्ही सांभाळू."

"नाही करणार," ती म्हणाली, "पेटीत मीठ ठेवा, बी ठेवा, औषध ठेवा, विरजण ठेवा. राग ठेवाल तर कुजेल. तो घेऊन ज्याच्या दारात जायचं त्याच्या दारात जा. आणि माझ्यावर असेल तर माझ्या दारात या." लोक खरंच आले. महिनाभर कोणी ना कोणी येऊन तिला बोल लावून जायचं, आणि ती, जन्मात कोणाचं ऐकून न घेणारी, खाली मान घालून ऐकायची.

त्या दिवशी साकव होताच धोब्यांनी गवळणीला बाजेवर घालून नदीवर आणलं. गाई अजून हंबरत होत्या. साकवाच्या तोंडाशी गवळणीने बाज थांबवली आणि सुतारणीकडे न बघता विचारलं, "पक्का आहे?"

सुतारणीच्या तोंडावर 'हो' आलं होतं. तिने ते गिळलं.

"बाकीच्या फळ्या चांगल्या वाळलेल्या आहेत. डावीकडची पाचवी थप्पीच्या तळाची, अजून ओली आहे, ती महिन्याने बदलायला लागेल. तोवर उजवीकडून जा. खांब मी पाण्यात उतरून बघितलेले नाहीत, धोब्यांनी बघितलेत, त्यांना विचार."

गवळणीने धोब्यांना विचारलं. मग बाज उजवीकडून नेली.

दोन महिन्यांनी ती काठी टेकत पुन्हा दूध घेऊन यायला लागली. सुतारणीच्या दारात रोजचं माप ओतायची आणि एक शब्द न बोलता जायची. बोलायला आणखी एक वर्ष गेलं, आणि पहिलं वाक्य होतं, "पाचवी फळी बदललीस का?"

सुतारीण म्हणाली, "बदलली. जाऊन बघ."

आणि गवळण बघायला गेली.

तात्पर्य, आणि हे शांतपणे सांगता येत नाही: दुबळ्यावर काढलेला आणि बळवंतासमोर गिळलेला राग हा राग नसून भीती असते, आणि खोटं आहे हे ठाऊक असताना त्याला 'हो' म्हणणारा माणूस ते खोटं करणाऱ्याचाच भागीदार असतो.